पाच मिनिटं बोलायचं नाही

औलाद झिद,
११ फेब्रुवारी

शामा पोरी,

तुला सलाम, तुझ्या आईला सलाम, आणि तिला सांग की धाकट्या बहिणीची आठवण वर्षातून दोनदा तरी काढावी.

हे पत्र माझ्या हातचं आहे, कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. मशिदीतल्या वर्गाच्या रकियाबाई म्हणाल्या, यामना, तुझी अक्षरं आता ओळीवर बसायला लागली, तर वापर त्यांना. म्हणून आपलं ठरलं होतं तसं हे पत्र. टॅक्सीवाला बूशाईब राबातला येतोच आहे, तो देईल. चुका दिसल्या तर गुपचूप गिळ, प्रोफेसरीणबाई.

तुझे बेडूक मजेत आहेत. सोमवारी पाऊस झाला आणि संध्याकाळी तळ्यावर गेले तर नुसता गलका. तू शिकवलंस तसा फोन दगडावर ठेवला, तुझं ॲप चालू केलं आणि पाच मिनिटं तोंड शिवून बसले. पाच मिनिटं बोलायचं नाही हा नियम तू मुद्दाम माझ्यासाठीच केलास अशी मला शंका आहे. मग तो तुझा लाडका कुदळपाया सुरू झाला. खुडूक कोंबडी आतल्या आत कुरकुरते ना, तस्सा. बाकीचे बेडूक बाजारात भांडल्यासारखे ओरडतात, हा बिचारा घरातलं घरात बोलतो.

शेजारची तामू अजून म्हणते, हे जिन आहेत, यांचा आवाज डबीत भरून शहरात पाठवतेस, एक दिवस तुझे हात थरथरायला लागतील. मीही हेच ऐकत वाढले. बेडूक उंबऱ्यात आला की बिस्मिल्ला म्हणायचं आणि केरसुणीने हळूच वाट दाखवायची, दुखवायचं नाही. पहिल्या वर्षी तळ्यावर एकटी बसायला मला भीती वाटायची, खोटं कशाला बोलू. आता नाही वाटत.

एक आनंदाची बातमी. तळ्यापलीकडची जमीन कासाब्लांकाच्या कुणा शेठने घेतली आणि अवोकाडो लावलेत. माझ्या मैमूनला तिथे पंपावर काम मिळालं. बाविसाव्या वर्षी का होईना, पोरगं सकाळी वेळेवर उठायला लागलं. तिथला कारभारी जिलाली म्हणून आहे, गोड बोलणारा माणूस. घरी येऊन चहा पिऊन गेला. बेडकांचे आवाज कुठे जातात, कोण ऐकतं, तू कधी येतेस, सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं. फुशारकी मारायची संधी मी सोडते होय?

तुझी मावशी


राबात,
२४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आईने चारदा वाचलं आणि रडली, मग म्हणाली की यामनाचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. एकही चूक काढली नाही, काढण्यासारख्या चार होत्या.

रमजान कसा चाललाय? मी रोजा सोडते तो प्रयोगशाळेत, खजूर आणि डब्यातलं हरीराचं सार, कारण तुमचे सगळ्यांचे आवाज संध्याकाळीच येतात. आवाज पाठवणारे एकशे चाळीस लोक आहेत आता. मेंढपाळ आहेत, शाळामास्तर आहेत, जंगलातली बुचाची साल काढणारे आहेत. पण खरं सांगू? मी आधी तुझंच उघडते. उघडल्यावर आधी बेडूक आहेत ना, एवढंच ऐकते. दोन वर्षांत मामोराच्या जंगलाच्या कडेची दोन तळी अचानक गप्प झाली. एका आठवड्यात आवाज होते, पुढच्या आठवड्यात नव्हते, आणि तिथे जाऊन बघेपर्यंत सगळं संपलं होतं. तेच स्वप्नात येतं आणि मी दचकून उठते.

तुझं तळं सगळ्यांत चांगलं आहे. हे मावशी म्हणून म्हणत नाही, आकडे म्हणतात. ५ मे रोजी इथे समिती बसणार आहे. तीन तळ्यांना संरक्षण द्यायचं, तिथे भर टाकता येणार नाही, पाणी उपसता येणार नाही. मी पहिलं नाव औलाद झिदचं देणार. माझी सगळी भिस्त तुझ्या पाच मिनिटांवर आहे.

एक विचारायचं होतं. मागच्या दोन रेकॉर्डिंगमध्ये मागे कसली तरी घरघर येते. मैमूनच्या पंपाची आहे का? तो पाणी विहिरीतून घेतो की तळ्यातून? तळ्यात एक काठी रोव आणि पाणी कुठवर आहे तिथे खूण कर. दर आठवड्याला बघून मला कळव.

तुझी शामा


औलाद झिद,
१६ मार्च

शामा,

रमजानची कामं, त्यामुळे लिहायला उशीर झाला. आम्ही ठीक आहोत. मैमून ठीक आहे. बेडूक ठीक आहेत.

काठी रोवली होती, मेंढरांनी पाडली. पुन्हा रोवेन. घरघर पंपाची नाही, रस्त्यावरून ट्रॅक्टर जातात त्यांची असेल. पंपाचं पाणी विहिरीचं आहे, असं मैमून म्हणतो.

मला एक सांग. एखाद्या आठवड्यात आवाज नाही पाठवला तर काय होतं? तुझी समिती इथे येते का बघायला? सहज विचारते.

तामूच्या सुनेला मुलगी झाली. ईदला शेबाकियाची मिठाई करीन म्हणते, पण मन लागत नाही.

तुझी मावशी


राबात,
२ एप्रिल

मावशी,

ही पत्रं आपण हौसेने सुरू केली होती आणि मला असं काही कधी लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं.

तुझं २८ मार्चचं रेकॉर्डिंग काल रात्री ऐकलं. बेडूक ऐकले, मोजले, बरोबरची खूण केली आणि पुढे जाणार होते. आम्हाला हीच सवय लागलेली असते, बेडूक ऐकायचे आणि बाकी सगळं कानाबाहेर टाकायचं. कुत्रं, मोटार, माणूस, काही ऐकायचं नाही. पण तिसऱ्या मिनिटाला माझा हात आपोआप खजुराकडे गेला. समोर खजूर नव्हते. कारण रमजान संपून आठवडा होऊन गेला होता. मग माझ्या ध्यानात आलं की मागे लांबून भोंगा वाजला होता.

रोजा सोडायचा भोंगा. तुमच्या शेजारच्या सिदी याह्या गावाचा. तो रमजानखेरीज वाजत नाही, मावशी. ईद होऊन गेली तरी तुझ्या तळ्यावर तो वाजतोय.

मी मागची सगळी उघडली. १४ मार्चपासूनची तिन्ही एकच आहेत. तोच भोंगा, त्याच सेकंदाला. वेळ नवी, जागा बरोबर, आवाज जुना. म्हणजे तू तळ्यावर जाऊन, एका फोनवर जुना आवाज लावून, दुसऱ्या फोनवर तो भरून मला पाठवलास. एवढा खटाटोप कशाला केलास? माझं मन राखायला? आकडे मोठे दिसावेत म्हणून? तुला कंटाळा आला असेल तर सांगायचं होतं ना.

ही रेकॉर्डिंग मी वरिष्ठांना दाखवून बसले आहे. पकडली गेली तर एकशे चाळीस लोकांनी दोन वर्षं केलेलं काम कचऱ्यात जाईल, आणि मीही. आणि त्याहून भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. तुझ्या तळ्यावर सध्या काय चाललंय हे मला आता माहीतच नाही.

शामा


औलाद झिद,
८ एप्रिल

आदरणीय भाची शामा हिस,

तुमचं पत्र मिळालं. आम्ही सर्व सुखरूप आहोत. तळ्यात पाणी भरपूर आहे आणि बेडूक पुष्कळ आहेत. फोन बिघडल्यामुळे चूक झाली असावी. आपण येण्याचा त्रास घेऊ नये. रस्ता खराब आहे.

यामना


राबात,
१० एप्रिल

मावशी,

'आदरणीय भाची'? 'त्रास घेऊ नये'? मी तुझ्या मांडीवर बसून न्हालेली पोर आहे. चिडलीस तर चीड, शिव्या घाल, पण असं परक्यासारखं बोलू नकोस.

तुझा राग मला समजतो. मी तुला खोटारडी म्हटलं. पण मला बघायलाच हवं. रविवारी मी येते, बरोबर प्रयोगशाळेतले दोघं आणि कॅमेरा. तळ्याचे फोटो काढू आणि त्या अवोकाडोवाल्यांनाही भेटू. पंप कुणाच्या नावावर आहे हे पाणी खात्यात विचारायला मी अर्ज करून ठेवते.

शामा


औलाद झिद,
११ एप्रिल

शामा, माझ्या बाळा,

येऊ नकोस. रविवारी येऊ नकोस, अर्ज करू नकोस. केला असलास तर मागे घे.

हे पत्र रकियाबाईंच्या पिशवीतून येतंय. त्यांची बहीण राबातला असते, ती तुला हातात देईल. मागची पत्रं मैमून बूशाईबकडे नेऊन द्यायचा, आणि वाटेत जिलाली 'बघू रे आईचं अक्षर' म्हणून वाचायचा. हसत हसत वाचायचा, परत घडी घालून द्यायचा. ८ तारखेचं तर त्याने आमच्या ओट्यावर बसून सांगितलं आणि मी लिहिलं. तू मला ओळखशील असं वाटलं होतं. तू रागावलीस. बरोबर आहे, शिकलेल्या माणसांना राग लवकर येतो.

आता सगळं सांगते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी तळ्यात जाड नळी सोडली. शेठला प्लास्टिक अंथरलेला मोठा हौद मेच्या आत भरून हवाय. सहा दिवसांत तळं आटलं. अकरा तारखेला मी गेले तर मधोमध अंगणाएवढा चिखल आणि थोडं पाणी उरलं होतं. बेडकांच्या अंड्यांच्या माळा लव्हाळ्यांवर लटकत होत्या, शेवया वाळत घातल्यासारख्या वाळलेल्या. एकही आवाज नव्हता. मी त्या दगडावर बसले आणि मला वाटलं, आता हात थरथरायला लागतील. लागलेच. अजून थांबले नाहीत, अक्षर बघ.

घरी येऊन मैमूनला बोलले तर तो खाली मान घालून बसला. दोन दिवसांनी जिलाली आला. चहा घेतला. म्हणाला, यामना, तुझे आवाज राबातला वेळेवर जायला हवेत. आवाज जात राहिले की तिकडचं कुणी इकडे येत नाही, हे तूच सांगितलंस. मी म्हटलं, नाही पाठवणार. मग त्याने खिशातून कागद काढला. पंप, नळी, पाणी उपसायचा अर्ज, सगळं मैमून बिन अल्लालच्या नावावर. खाली माझ्या पोराची सही. पगाराचा कागद म्हणून केलेली. जिलाली म्हणाला, कुणी आलं तर कागद बोलेल, माझ्याशी काही संबंध नाही. तुझा पोरगा आत जाईल.

म्हणून मी पाठवले. दर शनिवारी संध्याकाळी जिलाली माझ्याबरोबर तळ्यावर येतो. मैमूनचा जुना फोन वाजतो, माझा फोन ऐकतो, आणि तो पाठीमागे उभा राहतो. मैमूनच्या फोनात माझ्या फोनातून घेतलेले सात जुने आवाज होते. जिलालीने सगळे ऐकून कुठे माणूस बोलतोय का, कुठे पंप आहे का, हे बघितलं. भोंग्याचा आवाज मीच निवडला. महिनाभर रोज ऐकून त्याच्या कानाला तो ऐकूच येईनासा झालेला. मला वाटलं, माझ्या शामाला येईल.

तुला आला. पण तू त्याचा अर्थ काय काढलास, कंटाळा!

रात्र रात्र झोप नाही. मोटारसायकल वाजली की वाटतं, मैमूनला न्यायला आले. त्याला मी अजून सांगितलं नाही की कागदावर काय आहे. सांगितलं तर जिलालीच्या अंगावर धावून जाईल आणि आणखी अडकेल, नाहीतर घाबरून पळून जाईल. तो कोवळा आहे गं. तू एवढंच कर, गप्प राहा.

तुझी मावशी


राबात,
१५ एप्रिल

मावशी, मला माफ कर.

रकियाबाईंच्या बहिणीच्या दारातच पत्र वाचलं आणि पायरीवर बसून राहिले. अर्ज केला नव्हता, अल्लाची कृपा. रविवारचं येणं रद्द केलं. प्रयोगशाळेत कुणाला काही सांगितलेलं नाही. मी आता दार वाजलं तरी दचकते, इथे राबातला, चौथ्या मजल्यावर.

चूक माझी आहे. आवाज येत होते म्हणून मी तुझ्याकडे फिरकलेच नाही. लोकांनी ऐकावं आणि आम्ही मोजावं, अशी ही सगळी रचना मी केली. त्या माणसाने ती एका चहात ओळखली आणि तिच्याआड तळं पिऊन टाकलं.

मी खूप विचार केला. माझ्यापुढे दोन वाटा आहेत आणि दोन्हींची मला भीती वाटते. पाच मेला समितीला मी खरं सांगितलं तर मैमून जाईल. खोटं सांगितलं तर कोरड्या चिखलाला संरक्षण मिळेल, आणि पुढच्या पावसाळ्यात कुणीतरी येऊन बघेल, तेव्हाही कागद मैमूनचाच असेल. मग मी तिसरी वाट काढली आहे. औलाद झिदचं नावच यादीतून काढते. आवाज खराब निघाले असं सांगते. तू सुटशील, मैमून सुटेल. माझं एक वर्ष वाया जाईल, ते जाऊ दे.

एकच गोष्ट तुला सांगते, तीही तुला धीर यावा म्हणून. सगळे बेडूक मेले असतील असं समजू नकोस. कुदळपाया वाळूत हातभर खाली जाऊन बसतो आणि पावसाची वाट बघतो. यंदाची पिल्लं गेली, मोठे असतील. तळ्यावर भर टाकली नाही तर ते वर येतील.

जुने आवाज पाठवत राहा, म्हणजे त्याला संशय येणार नाही. मी ते इथे बाजूला ठेवते. एकदा इथे आलेलं रेकॉर्डिंग पुसता येत नाही, तुझ्या फोनातून काढलं तरी इथलं राहतं, पण मी त्यांना कुणाला हात लावू देणार नाही.

आणि तू काहीही करू नकोस. ऐकतेस ना? काहीही नाही.

तुझी शामा


राबात,
२० एप्रिल, पहाटे

मावशी,

हे पत्र बूशाईबच्या हातात देतेय. त्याला सांगितलंय, मैमूनकडे नाही, जिलालीकडे नाही, फक्त तुझ्या हातात. दोन दिवस तुझा फोन बंद आहे. मैमूनचा बंद आहे. रकियाबाईंचा लागतो आणि कुणी उचलत नाही.

शनिवारचं रेकॉर्डिंग ऐकलं. नेहमीचं जुनंच असेल म्हणून आधी उघडलंच नाही. रात्री उघडलं. एकही बेडूक नव्हता, तुझा आवाज होता. दोन वर्षांत पहिल्यांदा.

तू म्हणालीस, हा फोन आज अडलाय, वाजतच नाही, थांब जरा. तो म्हणाला, सावकाश कर. मग तू अगदी सहज, चहा विचारावा तसं विचारलंस, "जिलाली, पंप माझ्या पोराच्या नावावर का रे केलास?"

तो हसला. "शेठचं नाव कागदावर येत नसतं, यामना. मी बोट ठेवलं तिथे त्याने सही केली. पगाराची म्हटलं, केली."

"आणि कुणी आलं तर?"

"तर बसेल दोन-तीन महिने आत. बाहेर आला की काम तयार आहे."

"आणि तळं?"

"हौद भरला की त्यात भर टाकतो. ट्रॉल्या सांगितल्यात. मग तुलाही हा त्रास नको."

मग तो म्हणाला, काय चालू आहे त्यात, दाखव. झटापट झाल्यासारखं वाटलं. चिखलात काहीतरी पडलं. पावलं लांब गेली. मग एक मिनिट दहा सेकंद फक्त तुझा श्वास. मी तो मोजत बसले. पाच मिनिटं पूर्ण झाली आणि बंद झालं.

ते पडलं ते काय होतं, मावशी? फोन होता की तू होतीस?

मी काहीही करू नकोस म्हटलं होतं. आता हे रेकॉर्डिंग घेऊन मी काल एका वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, मैमूनचा नाही, दुसऱ्याचा हात आहे हे यात स्पष्ट आहे, पण आवाज भरणारीने पुढे यायला हवं. मी म्हटलं, मावशीचा आवाज कापून देता येईल का, कुणाला कळू नये म्हणून. त्या म्हणाल्या, कापलेलं काहीच कामाचं नाही. मी तुझ्याशिवाय पुढे पाऊल टाकणार नाही.

दोन ओळी लिहून बूशाईबकडे दे. दुपारपर्यंत आल्या नाहीत तर मी निघते.

शामा


सिदी याह्या,
२० एप्रिल

शामा बाळा,

मी धडधाकट आहे. पडला तो फोन, मैमूनचा. जिलाली महिनाभर दोन फोन बघत होता, पण ऐकणारा कोणता आणि वाजणारा कोणता हे त्याने कधी विचारलं नाही. हातातला हिसकावून भिरकावला. माझा दगडावर होता, तुझं काम करत. मी हललेच नाही. शूर वगैरे काही नाही, समजलं? घाबरून गोठले होते. पाच मिनिटं झाल्यावर फोन उचलला आणि तामूच्या घरी जाऊन तिच्या कोनाड्यात लपवला. तिला खरं सांगितलं. ती म्हणाली, बाई, तुझ्या बेडकांपेक्षा मला जिलालीच जिन वाटतो.

हे मी ठाण्यासमोरच्या कट्ट्यावर बसून लिहितेय. बूशाईबने मला इथेच गाठलं, तो टॅक्सी भरेपर्यंत थांबलाय, म्हणून लवकर लिहिते. मैमून सकाळी आत गेला तो आत्ता, चार तासांनी बाहेर आला. माझ्या शेजारी बसलाय. मी भाकरी आणि ऑलिव्ह आणले होते ते खातोय.

झालं असं की काल संध्याकाळी मी त्याला सगळं सांगितलं. सांगणार नव्हते, पण जिलाली दोनदा दारावर येऊन गेला आणि मैमून विचारायला लागला की तू दार का लावून घेतेस. कागदाचं सांगितलं, सहीचं सांगितलं, रेकॉर्डिंगचं सांगितलं. मला वाटलं, आता हा सुरी घेऊन निघेल नाहीतर कासाब्लांकाची गाडी पकडेल. मी दाराला पाठ लावून उभी होते. तो शांत बसला. सकाळी उठला, तोंड धुतलं, म्हणाला, तामूकडचा फोन दे. आणि आपल्या पायाने इथे आला. मी मागे मागे.

त्याने आत सगळं सांगितलं आहे, किती वाजता पंप लावायचा, कोण सांगायचं, सही कुठे केली. रेकॉर्डिंग तिथल्या साहेबांनी दोनदा ऐकलं. पाणी खात्याची माणसं पंपाला सील लावायला निघाली आहेत. मैमूनला गाव सोडू नको म्हटलंय. पुढे काय होईल ते ठाऊक नाही, तुझ्या वकीलबाईंना लगेच पाठव. माझा आवाज कापायचा नाही, नावही लपवायचं नाही, यामना बिन्त कद्दूर असं लिही. जिलाली अजून गावातच आहे. घरी जायची मला भीती वाटते, आज आम्ही रकियाबाईंकडे झोपू.

आणखी एक लिहायचं आहे आणि ते ताईला वाचून दाखवू नकोस.

बाहेर आल्यावर मैमूनने पहिलं काय विचारलं असेल? जिलालीचं नाही, कागदाचं नाही. तो म्हणाला, "आई, महिनाभर तुला ठाऊक होतं. मला का नाही सांगितलंस?"

मी म्हटलं, तू घाबरला असतास.

"घाबरलो असतोच," तो म्हणाला. "पण त्याच दिवशी इथे आलो असतो. तेव्हा तळ्यात थोडं पाणी होतं."

मग तो खात राहिला. महिनाभर मी जिलालीला भ्याले, पोलिसांना भ्याले, मोटारसायकलींना भ्याले, तुझ्या समितीला भ्याले. त्या माणसाला प्रश्न विचारायचं धाडस गोळा करायला मला पाच आठवडे लागले. आणि घरात, एका चटईवर, रोज माझ्यासमोर जेवणाऱ्या माझ्या पोराला मी एकदाही काही विचारलं नाही.

बूशाईब हाका मारतोय.

तुझी मावशी